झरा आणि दरड

पोलादपूर हे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना पाठ असते, हे तालुक्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. 1980 च्या दशकात दख्खनच्या लाव्हाथरांचे रासायनिक पृथक्करण करून त्यांची खालून वर अशी क्रमवार मांडणी झाली. त्यातल्या एका थरसमूहाला ‘पोलादपूर’, त्यावरच्याला ‘आंबेनळी’ आणि त्याहून वरच्याला ‘महाबळेश्वर’ अशी नावे मिळाली. ती आजही शोधनिबंधांत तशीच वापरली जातात. आंबेनळी घाटाने पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारी एसटी या थरांच्या कडेकडेनेच वर चढते.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या या लाव्हाने महाराष्ट्राला काळा कातळ दिला. गड त्यावर उभे राहिले, लेणी त्यात कोरली गेली. त्यामुळे सह्याद्री म्हटले की अभेद्य, अढळ असे शब्द आपोआप तोंडी येतात. पण 22 जुलै 2021 च्या दुपारी महाड तालुक्यात तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या, माणसे दगावली. त्या दिवशी खाली आला तो कातळ नव्हता. कातळ बव्हंशी जागीच राहिला. त्याच्या अंगावर पांघरलेली माती, मुरूम आणि त्यात अडकलेले धोंडे, एवढेच घसरले. इथल्या दरडींबद्दल बोलायचे तर कातळ बाजूला ठेवून या पांघरुणाकडे पाहावे लागते. वाडी त्याच पांघरुणावर वसलेली असते, शेती त्यावरच होते आणि पिण्याचे पाणीही त्यातूनच येते.

लाव्हा एकदाच ओतला आणि थिजला असे झाले नाही. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मग पुढचा थर येईपर्यंत काही काळ जायचा. कधी तो थोडा असे, कधी हजारो वर्षांचा. तेवढ्या काळात खालच्या थराचा माथा ऊन-पावसाने कुजून त्याची माती होई. त्या मातीवर पुढचा तापलेला लाव्हा आला की ती भाजून निघे. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीत दोन काळ्या थरांच्या मधोमध विटकरी लाल पट्टा दिसतो, तो हाच. त्याची जाडी कुठे वीतभर, कुठे मीटर-दोन मीटर. त्यात चिकणमातीचे प्रमाण जास्त असल्याने त्यातून पाणी सहजी खाली उतरत नाही.

वरच्या काळ्या कातळाला उभ्या चिरा असतात. पावसाचे पाणी चिरांतून खाली येते, लाल थराशी पोचते आणि अडते. खाली वाट नाही म्हणून ते आडवे सरकते, आणि जिथे डोंगराच्या उतारावर तो थर उघडा पडला असेल तिथे झरा होऊन बाहेर येते. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत एकाच उंचीवर ओळीने झरे लागतात, त्यामागचे एक मोठे कारण हे आहे.

थरांचा टणकपणाही सारखा नसतो. टणक थराचा कडा होतो, तर पोकळ्यांनी भरलेला मऊ थर झिजून तिथे उताराला पायरी पडते. वरच्या कड्यावरून वर्षानुवर्षे सुटणारे धोंडे, मुरूम, माती त्या पायरीवर येऊन साचतात. अशी जागा थोडी सपाट असते, माती खोल असते आणि वरून झरा आलेला असतो. भाताची खाचरे बांधायला, नाचणी-वरी करायला, गुरे बांधायला याहून चांगली जागा त्या डोंगरात दुसरी कुठली? खाली सावित्रीचा पूर आणि खाडीचे उधाण, वर उघडा कडा. शहाण्या माणसांनी मधली जागा निवडली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती निभावली. म्हणून ‘डोंगराच्या पोटाशी राहायला गेलेच कशाला’ हा शहरात बसून विचारलेला प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. वाडी अडाणीपणाने तिथे वसली नाही, पाणी आणि माती पाहून वसली. दुःख एवढेच की ज्या रचनेने झरा दिला तीच रचना दरडीलाही कारण होते.

उतारावरची माती खाली का येत नाही? कारण मातीचे कण एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दाबातून घर्षण निर्माण होते. चिकणमाती असेल तर कण थोडे चिकटूनही राहतात. गुरुत्वाकर्षण खाली ओढत असते, घर्षण धरून ठेवत असते, आणि बहुतेक उतार बहुतेक काळ असा तोल सांभाळून उभे असतात. आता मातीच्या छिद्रांत पाणी भरू लागते. पाण्याने वजन वाढते हे खरे, पण ती लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी की छिद्रे पूर्ण भरली, पाण्याला निघायला वाट उरली नाही, की ते पाणी कणांना उचलून धरू लागते. कणाकणांतला दाब कमी होतो आणि दाबाबरोबर घर्षणही जाते. स्वयंपाकघरात हे रोज घडते. गरम पाण्याने विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर पालथा घातला की कुणी हात न लावता तो सरकत जातो. आतली हवा तापून फुगते, पेल्याला किंचित उचलते, आणि तेवढ्यानेच त्याची ओट्यावरची पकड सुटते. पेल्याचे वजन तेच, ओट्याचा उतारही तोच. डोंगरात हवेच्या जागी पाणी हे काम करते. मातीतल्या पाण्याच्या दाबाचा हा हिशेब कार्ल टेरझागी या अभियंत्याने 1920 च्या दशकात मांडला, आणि धरणापासून घाटरस्त्यापर्यंतची सगळी गणिते आज त्यावर उभी आहेत.

सह्याद्रीच्या उतारावर या दाबाला पोषक असे सगळे जुळून येते. वरच्या सपाटीवरचा सच्छिद्र जांभा पाऊस पितो, कातळाच्या चिरा तो खाली आणतात, लाल थर अडवतो, आणि ते सारे पाणी पांघरुणाच्या तळाशी, कातळ आणि माती यांच्या सांध्यावर, आतून येऊन मिळते. आभाळातले पाणी वरून मुरत असतेच. म्हणजे उतार दोन्ही बाजूंनी भरतो. झऱ्याचे तोंड मोकळे असेल तोवर निचरा होत राहतो. पण एखाद्या दिवशी आत येणारे पाणी बाहेर जाणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त होते.

22 जुलै 2021 च्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. म्हणजे जितके मिलिमीटर, तितके दहा हजार लिटरचे टँकर दर हेक्टरी. एकेका हेक्टरावर 594 टँकर, चोवीस तासांत. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते. तिथून पोलादपूर हवेतल्या अंतराने जेमतेम वीस-बावीस किलोमीटर, आणि तेवढ्यात नदी हजार मीटरहून अधिक उतरते. पुढे महाडजवळ जमीन जवळजवळ समुद्रसपाटीला आलेली असते. वर पडलेले पाणी खाली पोचायला वेळ लागत नाही, आणि खाडीला भरती असेल तर पोचलेल्या पाण्याला पुढे जाता येत नाही. त्या दिवशी महाड शहर पाण्याखाली होते, रस्ते बंद होते, आणि डोंगरातल्या वाडीपर्यंत मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. महाडला पूर आणि दरड या दोन आपत्ती एकाच पावसाने, एकाच वेळी येतात, आणि एक दुसरीची वाट अडवते. इथल्या आपत्ती व्यवस्थापनाचा सगळ्यात कठीण भाग तो आहे. दरडींची माती अखेर सावित्रीतच जाते आणि महाडजवळ गाळ होऊन बसते, म्हणजे पुढच्या पुराला हातभार लावते.

याच सावित्रीच्या मुखाजवळ हरिहरेश्वर आहे. तिथे लाटांनी काळा कातळ तासून सपाट ओटा केला आहे. लाटा हजारो वर्षे आपटत असूनही किनारा फारसा हललेला वाटत नाही, कारण दगड टणक आहे. मऊ किनाऱ्याची गोष्ट वेगळी असते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर होल्डरनेस नावाचा पट्टा आहे. हिमनद्यांनी टाकलेल्या चिकणमातीचे ते कडे समुद्र वर्षाला सरासरी दीड ते दोन मीटर खातो, आणि रोमन काळापासून दोन डझनांहून अधिक गावे तिथे समुद्रात गेली आहेत. कोकणातही रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे आणि गोव्यात जांभ्याच्या कड्याखाली जिथे मऊ शेडी माती असते तिथे लाटा ती माती आधी पोखरतात, मग वरचा जांभा आधार सुटून मोठमोठ्या तुकड्यांनी कोसळतो. समुद्राचे काम दोन प्रकारचे असते. तो पायथा तोडतो, आणि पडलेला ढिगारा वाहून नेतो. ढिगारा राहिला असता तर त्यानेच कड्याला टेकू दिला असता. तो उचलला जातो म्हणून कडा कधीच स्थिर होत नाही.

महाड-पोलादपुरात समुद्राची ही दोन्ही कामे करणारे दुसरे आहेत. पावसाळ्यात फुगलेला पऱ्ह्या वाडीखालच्या उताराचा पायथा खातो. आणि हल्ली जेसीबी तेच काम एका दुपारात करतो. रस्ता रुंद करायचा, घराला जागा काढायची, अंगण वाढवायचे, तर उताराचे पाऊल कापले जाते आणि निघालेली माती खालच्या बाजूला लोटली जाते. वरचा उतार टेकू गमावतो, खालच्या उतारावर सैल भराव चढतो, आणि पाण्याची जुनी वाट त्या भरावाखाली बुजते. कशेडी, आंबेनळी, वरंधा या घाटांत दर पावसाळ्यात रस्त्यावर येणाऱ्या दरडींपैकी कितीतरी अशा कापलेल्या भिंतींतून येतात. रस्ते हवेतच, आजारी माणसाला महाडला न्यायचे तर त्याच रस्त्याने न्यावे लागते. पण कापलेल्या उताराला निचऱ्याची भोके असलेली भिंत, माथ्यावर पाणी वळवणारा चर आणि दरवर्षी मेमध्ये त्या चराची साफसफाई, हा रस्त्याच्याच खर्चाचा भाग मानला पाहिजे. आज तो नंतर बघू या सदरात पडतो.

मात्र प्रत्येक दरडीचे खापर जेसीबीवर किंवा वृक्षतोडीवर फोडणेही खरे नाही. झाडांची मुळे वरची मीटर-दोन मीटर माती बांधून ठेवतात, उथळ घसरण रोखतात, आणि म्हणून झाडी राखलीच पाहिजे. पण पांघरूण मुळांपेक्षा खोल असेल आणि घसरण तळच्या सांध्यावर होत असेल तर झाडे मातीसकट उभीच्या उभी खाली येतात. हिरव्यागार झाडीने झाकलेले उतारही इथे गेले आहेत. झाडी दिसते म्हणून जागा सुरक्षित, असा निष्कर्ष काढणे जिवावर बेतू शकते.

काही तारखा एकाखाली एक मांडून पाहा. 2005 साली 25 आणि 26 जुलैच्या पावसात महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून जास्त माणसे गेली. 26 तारखेला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि देशाचे सगळे लक्ष तिकडे राहिले; महाडचे दुःख बातमीच्या तळाशी गेले. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातले माळीण, 151 मृत्यू. 22 जुलै 2021, तळीये. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे बेपत्ता राहिली. सगळ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या. तोवर दीड महिन्याचा पाऊस मातीत मुरलेला असतो, छिद्रांत रिकामी जागा फारशी उरलेली नसते. जूनमध्ये जो पाऊस जमीन मुकाट पिऊन टाकते, तोच जुलैअखेरीस दाब वाढवतो. आणि हेच दिवस लावणीचे. खाचरांत पाणी तुंबवलेले असते, घरातले प्रत्येक माणूस वाकून आवण लावत असते. अशा वेळी ‘चार दिवस वाडी सोडा’ हा सरकारी निरोप पाळणे म्हणजे वर्षाच्या भातावर पाणी सोडणे असते.

किती पाऊस झाला की धोका? नेल केन या संशोधकाने 1980 साली जगभरच्या उथळ दरडींच्या नोंदी गोळा करून एक सूत्र काढले. त्या सूत्राने चोवीस तासांच्या पावसाचा हिशेब केला तर सुमारे 100 मिलिमीटर ही धोक्याची खालची रेषा येते. महाड-पोलादपुरात 100 मिलिमीटर पावसाचे दिवस दर मोसमात कितीतरी येतात आणि डोंगर जागचे हलत नाहीत. इथल्या उतारांनी इथल्या पावसाशी जमवून घेतलेले आहे; जे उतार त्याला टिकणारे नव्हते ते केव्हाच खाली आले. म्हणजे जगाचे सूत्र इथे आणून चालणार नाही. महाडची रेषा महाडच्याच नोंदींतून काढावी लागेल, आणि त्यात आजच्या पावसाबरोबर मागच्या आठवड्याचा आणि जूनपासूनचा पाऊसही धरावा लागेल.

हाँगकाँगने हे करून दाखवले आहे. 18 जून 1972 ला तिथे दोन मोठ्या दरडींत 138 माणसे मेली. त्यानंतर 1977 मध्ये उतारांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय उभे राहिले, माणसाने कापलेल्या वा भरलेल्या हजारो उतारांना नोंदणी क्रमांक मिळाले, प्रत्येकाची निगा कुणी राखायची हे ठरले, आणि पर्जन्यमापकांच्या जाळ्यावरून दरडीचा इशारा देणे सुरू झाले. हाँगकाँगकडे पैसा आहे, हे खरे. पण उताराला क्रमांक आणि जबाबदार माणूस देणे हे पैशापेक्षा प्रशासनाच्या शिस्तीचे काम आहे, आणि ते रायगडात होऊ शकते.

आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने 2014 पासून देशभर दरडप्रवणतेचे नकाशे करायला घेतले. रायगडमध्ये शंभराहून अधिक गावे दरडप्रवण म्हणून जाहीर आहेत. काम मोलाचे आहे, पण त्या नकाशांचे प्रमाण 1:50,000 आहे. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्यात एखादी पूर्ण वाडी बोटाच्या नखाखाली झाकली जाते. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत गाव असते, दरड येते ती वाडीवर. म्हणून वाडीनिहाय पाहणी हवी, पायी, आणि वाडीतल्या जाणत्यांना बरोबर घेऊन. अमुक झऱ्याला यंदा आधीच पाणी आले, अमुक बांध दरवर्षी वीतभर खचतो, हे त्यांनाच माहीत असते.

डोंगर बहुधा आधी काहीतरी सांगतो. उताराच्या माथ्यावर, धनुष्यासारखी वळलेली भेग पडते. झऱ्याचे नितळ पाणी एकाएकी गढूळ येते, किंवा वाहता झरा भर पावसात आटतो. आटणे हे सर्वांत वाईट, कारण पाणी आत कोंडत असते. नव्या जागी पाणी फुटते. झाडे, विजेचे खांब कलतात. भिंतीला तडे जातात, काल लागणारे दार आज चौकटीत अडकते. भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून मधले अंतर रोज मोजावे. अंतर वाढतेय असे दिसले की उजाडायची वाट न पाहता निघावे. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून चिकणमातीने ती बुजवून वर ताडपत्री घालणे, वरचे पाणी चराने बाजूला काढणे, याने काही दिवस मिळतात, कायमचा इलाज होत नाही. पाऊस मोजायला सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा आणि पट्टी पुरते. महसूल मंडळाच्या ठिकाणी बसवलेला मापक खोऱ्यातला पाऊस सांगतो. कड्याखालच्या वाडीवर कधी त्याहून बराच जास्त पडलेला असतो. आणि पाऊस थांबला म्हणून लगेच परतू नये, कारण कातळाच्या चिरांतले पाणी खाली पोचून सांध्याशी साठायला आणखी काही तास लागतात, कधी एखादा दिवस.

राहता राहिले पुनर्वसन. तळीयेच्या घरांचे काम म्हाडाकडे दिले गेले. कुठल्याही पुनर्वसनात घराइतकाच महत्त्वाचा प्रश्न शेताच्या अंतराचा असतो. खाचरे वरच राहिली आणि घर खाली गेले तर लावणीच्या दिवसांत माणूस जुन्या वाडीतच मुक्काम करतो, म्हणजे नेमक्या धोक्याच्या पंधरवड्यात. गुरांना गोठा, गवताला जागा आणि शेतापर्यंत पायवाट यांचा विचार न करता बांधलेले पक्के घर अर्धे रिकामे राहते.

दुसरी गोष्ट जागेची. उतारावर पटकन नजरेत भरणारी सपाट, खोल मातीची, पाण्याजवळची जागा पुष्कळदा जुन्या दरडीचाच ढिगारा असते. घराचा पाया आखण्याआधी तिथे तीन-चार मीटर खोल खड्डे खणून मातीची भिंत नीट पाहावी. मातीत वेगवेगळ्या जातींचे धोंडे वेडेवाकडे मिसळलेले असतील, मध्येच जुना गाडलेला मातीचा थर किंवा झाडाचा ओंडका सापडला, तर ती माती वरून आलेली आहे. मुरूम हळूहळू टणक होत खालच्या कातळात मिसळत गेला असेल, तर ती जागेवरच तयार झालेली आहे. दुसऱ्या प्रकारची जागा मिळेपर्यंत शोध चालू ठेवावा, मग ती रस्त्यापासून थोडी लांब का असेना.